मुंजाबा सध्या काय करतात?

आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. मे महिन्याची दुपार आहे. अजिंठ्याच्या डोंगराखाली नांगरून टाकलेले रान आहे आणि त्या रानात मेंढ्यांचा एक कळप, एकमेकींच्या पोटाखालच्या सावलीत डोकी खुपसून उभा आहे. बाजूला एक घोडी आहे. घोडीच्या पाठीवर अख्खे घर आहे: घोंगड्या, तवा, पाण्याची कॅन, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि पिठाची पिशवी. त्या पिठाच्या पिशवीत, पीठ लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, बटणांचा एक जुना फोन आहे. आता असे समजा, की तुम्ही तिथून खूप लांब, शहराबाहेर पत्र्याच्या एका खोलीत राहता आणि जूनमध्ये तुम्ही शाळेत जाणार की नाही, हे त्या पिठातल्या फोनवर ठरणार आहे. आले डोळ्यांपुढे? मग तुम्ही सारजाच्या जागी उभे आहात. आता गोष्ट समजायला सोपी जाईल.

सारजा सहावी पास झाली होती. तिचे वडील मुंजाबा वाळूजच्या एका कारखान्यात डब्यांची झाकणे करत. एक दिवस सकाळी ते डबा घेऊन कामावर गेले आणि डबा तसाच घेऊन परत आले. फाटकाला कुलूप होते. कुलपाखाली एक कागद चिकटवलेला होता आणि तो वाचायला इतकी गर्दी होती, की मुंजाबांना तो न वाचताच समजला.

आता, कामगाराची नोकरी अशी गेली तर सगळे दोर तुटत नाहीत. त्याच्या पगारातून विम्यासाठी दर महिन्याला थोडे थोडे कापलेले असते आणि त्यातून काही महिने त्याला बेकारी भत्ता मिळू शकतो. ती भीक नव्हे. पावसाळ्यासाठी आधीच रचून ठेवलेल्या गोवऱ्या असतात ना, तसे ते आहे. मुंजाबांनी अर्ज केला. सगळी कागदपत्रे जोडली. विम्याच्या दफ्तरात खिडकीतल्या बाईंनी ती तपासली आणि पैसे थेट खात्यात येतील असे सांगितले. मुंजाबा घरी आले आणि पैसे यायची वाट पाहत बसले. पैसे काही आले नाहीत.

आले ते घरमालक तात्यासाहेब. तात्यासाहेबांची रांजणगावातली जमीन कारखान्यांत गेली होती आणि उरलेल्या तुकड्यात ते ज्वारीऐवजी खोल्या पेरत. माणूस मोठा मर्यादेचा होता. त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही. उन्हाळा किती कडक आहे ते सांगितले, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "मी काय तुला जा म्हनत नाय, मुंजाबा. पण जूनमधी माझा भाचा येतोय शिकायला. त्याला कुठं ठिवू, तूच सांग."

तात्यासाहेब गेल्यावर सखूबाई, म्हणजे सारजाची आई, बराच वेळ कपबशी विसळत राहिली. मग म्हणाली, की आपल्याला जायला जागा एकच आहे. ती जागा कोणती, हे सारजाला विचारावे लागले नाही. मुंजाबांचा धाकटा भाऊ सोनाजी अजून मेंढ्यांमागे हिंडत होता. आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. कळपाबरोबर घर चालते, घोडी चालते, कोंबड्या चालतात. शाळा तेवढी चालत नाही.

मुंजाबा पुन्हा खिडकीशी गेले. सुट्टी लागली होती, म्हणून सारजाही बरोबर गेली. बाईंनी संगणकात पाहिले आणि म्हणाल्या, की पैसे पाठवता येत नाहीत, कारण खाते झोपलेले आहे. ओळखीची नोंद जुनी झाली म्हणून बँकेने ते थांबवले होते. त्याला उठवायचे काम बँकेचे. बँकेतल्या तरुण साहेबांनी सांगितले, की उठवणे अगदी सोपे आहे. खात्याला जोडलेल्या फोनवर एक आकडा येईल, तो इथे समोर बसून यंत्रात घालायचा, की झाले. तो फोन काढा.

मुंजाबांनी खिशातून फोन काढला. साहेबांनी नंबर पाहिला आणि मान हलवली. खात्याला जोडलेला नंबर दुसराच होता. मुंजाबांनी तो ऐकला आणि ओळखला. तो सोनाजीचा नंबर होता.

यात सोनाजीची चूक नव्हती, मुंजाबांचीही नव्हती. खाते काढले तेव्हा घरात फोनच एक होता. पुढे मुंजाबांनी नवा घेतला आणि जुना फोन सोनाजीला दिला. धनगराच्या घरात असेच करतात. जो मेंढ्यांबरोबर रानात एकटा असतो, त्याच्याकडे आधी काठी, मग घोंगडी, मग फोन. देताना कोणाच्या डोक्यात आले नाही, की त्या फोनबरोबर मुंजाबांचे सरकारदरबारचे नावच पिठाच्या पिशवीत जाऊन बसले आहे. बँकेत, विम्याच्या अर्जात, जिथे जिथे मुंजाबा होते, तिथे तिथे तोच नंबर होता.

मग सोनाजीला फोन लावायचा. पण सोनाजी चार्जिंग वाचवण्यासाठी फोन बंद ठेवी आणि संध्याकाळी एखाद्या टेकाडावर चढून थोडा वेळ चालू करी. तो वेळ मुंजाबांना काही साधेना. शेवटी बापलेक एसटीने अजिंठ्याकडे निघाले.

रानात हिंडणाऱ्या कळपाचा पत्ता कसा शोधायचा, हे तुम्हाला कोणी शिकवले नसेल. उन्हाळ्यात शेतकरी आपल्या रिकाम्या शेतात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर त्यांच्या लेंड्या आणि मूत पडले, की शेताला खत होते. त्याबदली धनगराला धान्य मिळते. म्हणून ज्या शेतात लेंड्या वाळलेल्या, तिथून कळप कधीच गेला. ज्या शेतात ओल्या, तिथून नुकता गेला. सारजा वाकून वाकून बघत पुढे, मुंजाबा मागे, अशी ती दोघे ऊन डोक्यावर येईपर्यंत चालली. सहावीच्या परीक्षेत तिने एवढे लक्ष घातले असते तर वर्गात पहिली आली असती, असे मुंजाबा म्हणाले. सारजा म्हणाली, की पेपर एवढा स्पष्ट नव्हता.

सोनाजी भेटला तो ओळखू येईना. दाढी घोटलेली, मिशी कोरलेली आणि धुतलेला पांढरा सदरा बाभळीवर वाळत घातलेला. फोनचे नाव काढल्यावर मात्र त्याचा चेहरा पडला. फोन नेणार म्हणजे किती वेळ नेणार, असे त्याने दोन-तीनदा विचारले.

"उद्याच्याला आणून देतो," मुंजाबा म्हणाले.

"न्या दादा. पण एक करा. कुन्या परक्या बाईचा फोन आला, तर तुमी उचलायचा नाय. म्या बोलतो तिच्याशी मागून."

मुंजाबांनी त्याच्याकडे नीट पाहिले. "सोना, काय लफडं हाय?"

"लफडं नाय. गोड बातमी हाय. पण आत्ताच बोललो तर नजर लागंल."

मुंजाबांनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी बँकेत आकडा आला, सारजाने तो यंत्रात घातला आणि झोपलेले खाते एकदाचे उठले. ते उठत असतानाच सोनाजीचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. पलीकडे बाई असेल की बुवा, हे उचलल्याशिवाय कळणार नव्हते आणि उचलून बाई निघाली असती तर शब्द मोडला असता. मुंजाबांनी फोन कापला. भावाला दिलेला शब्द पाळल्याचे समाधान त्यांना त्या सबंध महिन्यात मिळालेले एकमेव समाधान होते. तेही फार टिकले नाही.

फोन परत देऊन, दोन वेळा एसटीत उभे राहून मुंजाबा पुन्हा खिडकीशी आले, तेव्हा बाई म्हणाल्या, की खाते ठीक आहे, आता प्रश्न खात्याचा नाही. अर्ज करणारा खरोखर बेकार आहे की नाही, हे दफ्तरातून फोन करून विचारतात. तसे विचारले होते. उत्तर असे मिळाले, की मुंजाबा पर्मनंट नोकरीत आहेत.

"कोन म्हनलं?" मुंजाबांनी विचारले.

"तुमच्या नंबरवरून सांगितलंय. घरचंच माणूस होतं. म्हणून खात्री करायला परवा परत फोन केला, तर तुम्ही कापला."

सारजा याही वेळी बरोबर होती. तिने विचारले, की मग नंबरच बदलून आबांचा, म्हणजे बापाचा आताचा, का घालू नये? बाईंना प्रश्न आवडला. त्या म्हणाल्या, की अगदी बरोबर आहे, पण चौकशी चालू असताना नंबर बदलता येत नाही. चौकशी संपली की बदलता येईल. चौकशी त्याच नंबरवर होणार होती. पुन्हा एकदा फोन येईल, तेव्हा नीट उत्तर द्या, एवढे सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावले.

त्या संध्याकाळी सोनाजीचा फोन लागला. तो टेकाडावर होता. वाऱ्याचा आवाज येत होता.

"सोना, मागं तुला कुन्या बाईचा फोन आल्ता का? माझी चौकशी करायला?"

"आल्ता की," सोनाजी म्हणाला. "तीच तर गोड बातमी."

आणि मग त्याने सगळे सांगितले. बाई फार गोड बोलत होती. मुंजाबा सध्या काय करतात, नोकरीवर आहेत का, घरात माणसे किती, कमावणारे कोण, असे तिने विचारले. सोनाजीच्या लगेच ध्यानात आले. अशा चौकशा एकाच कामासाठी होतात. मुलगी द्यायची असली, की मुलीकडचे आधी थोरल्या भावाची चौकशी करतात आणि ज्याला विचारतात त्याने थोडे वाढवून सांगायचे असते. तो रिवाजच आहे; विचारणाराही ते धरून चालतो आणि ऐकलेल्यातले निम्मे सोडून देतो. सोनाजीने तिशी ओलांडली होती. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्याला आजकाल कोणी मुलगी देत नाही. गावोगाव असे सोनाजी आहेत. त्याला इतक्या वर्षांत कोणी साधे विचारायलाही फोन केला नव्हता. आणि आज एक बाई स्वतःहून विचारत होती.

"मी म्हनलं, आमचा दादा येक दिस रिकामा बसलेला दाखवा मला. पर्मनंट हाय. हाताखाली मानसं हायत. कामून, कमी सांगितलं का?"

"सोना," मुंजाबा म्हणाले, "ती बाई सरकारी दफ्तरातली व्हती. मी बेकार हाय का, ते इचारत व्हती."

पलीकडे मेंढीच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली.

"म्हंजी सोयरीक नव्हती ती?"

"नव्हती."

"लई गोड बोलत व्हती, दादा," सोनाजी म्हणाला. मग म्हणाला, "सदरा बी धुतला मी."

मुंजाबांनी फोन आपल्याकडे ठेवून घ्यायची गोष्ट काढली. सोनाजीने ती मानली नाही. खोटे मी बोललो, आता खरेही मीच बोलतो, असे त्याने सांगितले. आणि तो बोलेल, याबद्दल मुंजाबांना शंका नव्हती. सोनाजी शब्दाचा पक्का होता. या घरातली माणसे शब्दाची पक्की होती, म्हणून तर हे सगळे झाले होते.

फोन तिसऱ्या दिवशी आला. या वेळीही बाईच होती. तिनेही तेच विचारले: थोरला भाऊ काय करतो, घर कुठे आहे, कमावणारे कोण. आता, ज्याने एकदा वाढवून सांगितल्याचा पस्तावा केला आहे, त्याला खरे कुठे थांबवावे ते कळत नाही. सोनाजीने सांगितले, की भाऊ रिकामा आहे. कारखान्याला कुलूप आहे. खोली जूनमध्ये जाणार आहे. वहिनी दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणार आहे. शेती नाही, घर नाही. सरकारचे मन अजून थोडे हलावे म्हणून त्याने स्वतःचेही सांगितले: मी घोडीशेजारी झोपतो, पाऊस आला तर घोडीखाली झोपतो, आणि ज्वारी संपली की दोन दिवस दुधावर काढतो.

बाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं झालं बाबा, आधीच सांगितलंस. आमची पोरगी बचावली."

हे शेवटचे वाक्य वाऱ्यात नीट ऐकू आले नाही, की सोनाजीने ते ऐकून सोडून दिले, कोण जाणे. त्याने लगेच मुंजाबांना फोन करून काम फत्ते झाल्याचे कळवले. दुसऱ्या दिवशी मुंजाबा खिडकीशी गेले. बाई म्हणाल्या, की दफ्तरातून अजून फोन गेलेलाच नाही.

खरे काय ते आठवड्याने सखूबाईला तिच्या मावशीकडून कळले. लासूर स्टेशनच्या आवडाबाई आपल्या भाचीसाठी स्थळ शोधत होत्या. मेंढ्यांवाला असला तरी चालेल, भाऊ नोकरीत आहे, माणसे सरळ आहेत, असे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. त्यांनी फोन केला. पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे.

हे सोनाजीला सांगायचे कसे, यावर नवरा-बायकोत बराच वेळ बोलणे झाले. शेवटी सारजानेच सांगितले. सोनाजी हसला. "आधी सरकारला सोयरीक समजलो," तो म्हणाला, "आन् सोयरिकीला सरकार." मग त्याने फोन बंद केला आणि दोन दिवस चालू केला नाही.

चालू केला त्या संध्याकाळीच दफ्तराचा फोन आला. बाईंनी विचारले, मुंजाबा सध्या काय करतात? सोनाजीने मोठा श्वास घेतला. खरे बोलून मुलगी गेली होती, खोटे बोलून भत्ता गेला होता. समोर कोण आहे, हे विचारायचा धीर त्याच्यात उरला नव्हता. गोड आवाजाचा त्याला आता भरवसा वाटत नव्हता. त्याला वाटले, आता आपण काहीच ठरवू नये.

"बाई," तो म्हणाला, "आधी तुमी सांगा, तुमाला काय ऐकायचंय. दादा कामावर हाय म्हनू, का रिकामा हाय म्हनू? दोन्ही सांगून बघितलं. तुमी म्हनाल तसं सांगतो."

बाईंनी फोन ठेवला. अर्जावर शेरा पडला: माहिती विसंगत, प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी.

प्रत्यक्ष चौकशी करणारे साहेब एकच होते आणि ते रजेवर होते. तेवढ्यात मे संपला. तात्यासाहेबांचा भाचा पुस्तकांची ट्रंक घेऊन आला. तो चांगला मुलगा होता. त्याने सामान बाहेर काढायला मदत केली. ट्रंक खोलीत ठेवताना त्याने सारजाला विचारले, की तू कितवीत आहेस? सारजा म्हणाली, सातवीत. आई तिच्याकडे पाहत होती, म्हणून तिने पुढे काही जोडले नाही. तात्यासाहेबांनी टेम्पोवाल्याशी बोलून भाडे कमी करून दिले आणि निघताना सारजाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

पावसाआधी मेंढ्या माघारी फिरतात. तोवर कळप खुलताबादच्या डोंगराखाली आला होता. सखूबाईने दोन दगडांची चूल मांडली. मुंजाबा पहिले दोन दिवस घोंगडीवर नुसते बसून राहिले. पाहुणा बसतो तसे. तिसऱ्या दिवशी सोनाजीला लोकर विकायला जायचे होते. तो गेला आणि कोणीतरी मेंढ्यांपुढे उभे राहणे भाग होते. मुंजाबांनी काठी उचलली. कारखान्यात इतकी वर्षे काढूनही ती हातात बरोबर बसली. जवळजवळ महिनाभराने त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. सारजाने ते पाहिले आणि तिला ते नको वाटले, कारण ती मनाशी एकच हिशेब धरून होती: भत्ता आला, तर शाळा उघडायच्या आत रांजणगावातच दुसरी खोली बघायची, असे आबा म्हणाले होते. काठी अशी हातात बसत गेली, तर आबा ते विसरतील.

नेमकी तीच वेळ साधून रस्त्याला एक मोटारसायकल थांबली. रुमालाने मान पुसत एक गृहस्थ बांधावरून आले. काखेत फाईल होती. ते चौकशीचे साहेब, काकासाहेब. ते आधी रांजणगावला गेले होते. तिथून तात्यासाहेबांनी त्यांना इकडे पाठवले होते. गावात विचारत विचारत ते दोन चुकीच्या कळपांपर्यंत जाऊन आले होते. त्यांनी पाणी मागितले. सखूबाईने दिले. पाणी पिऊन त्यांनी मुंजाबांकडे पाहिले, हातातल्या काठीकडे पाहिले, मागे पसरलेल्या कळपाकडे पाहिले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटले. ते वाईट माणूस नव्हते.

"मेंढ्या तुमच्या?" त्यांनी विचारले.

"भावाच्या."

"भाऊ कुठं आहे?"

"लोकर घिऊन गेलाय."

"मग राखतं कोण?"

मुंजाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मी राखतो म्हणावे, तर तो धंदा ठरतो आणि धंदा असलेल्याला बेकारी भत्ता नाही. कोणी राखत नाही म्हणावे, तर मेंढ्या समोर होत्या. आणि मी रिकामा आहे, हे एवढे तीन शब्द त्यांना जन्मात कधी म्हणता आले नव्हते. कुलूप लागल्या दिवसापासून त्यांनी ते अर्जात लिहिले होते, खिडकीत दाखवले होते. पण तोंडाने, दुसऱ्या पुरुषासमोर उभे राहून, एकदाही नाही.

काकासाहेबांनी फाईल उघडली. "मला जे दिसतं ते लिहावं लागतं," ते हलकेच म्हणाले. "काठी तुमच्या हातात आहे, मुंजाबा."

भत्ता मिळाला नाही म्हणून माणूस इथे आला होता, आणि इथे आला म्हणून त्याला भत्ता मिळणार नव्हता. हे काकासाहेबांनाही कळत होते. पण फाईलमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

सारजा चुलीशी बसली होती. ती उठली. बापाजवळ गेली आणि त्यांच्या हातातून काठी काढून घेतली. काठी तिच्यापेक्षा उंच होती.

"मेंढ्या मी राखते," ती साहेबांना म्हणाली. "आबा रिकामेच हायत."

काकासाहेबांनी पेन टेकवले, मग उचलले. "बाळा, तू शाळेत नाही जात?"

चुलीतला धूर आईच्या डोळ्यांत गेला असावा; तिने तोंड फिरवले. सारजाने उत्तराचा विचार केला. जाते म्हटले असते, तर मेंढ्या राखते कोण, हा प्रश्न फिरून आबांकडेच आला असता.

"नाय जात," ती म्हणाली.

साहेब लिहू लागले. लिहून होईपर्यंत तिथे उभे राहणे तिला जमले नसते, म्हणून तिने काठी सोनाजीकाका घेतो तशी दोन्ही खांद्यांवर आडवी घेतली, जिभेने टाळूवर तसाच आवाज काढला आणि डोंगराच्या दिशेने चालायला लागली. मागे वळून पाहिले नाही. आजवर त्या मेंढ्यांनी तिचे कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी एकेकीने डोके वर काढले आणि अख्खा कळप मुकाट तिच्यामागे निघाला.